पिण्याच्या पाण्याचे नळ का फुटतात?

गावातील जमिनीखालचा नळ फुटला की तेवढा तुकडा बदलला जातो आणि काम संपले असे समजले जाते. काही महिन्यांनी नळ पुन्हा त्याच जागी फुटतो. याचे कारण असे की, दोष पुष्कळदा नळात नसून तो ज्या जमिनीत बसविला तिच्यात किंवा पाणी सोडण्याच्या पद्धतीत असतो.

जमिनीचा परिणाम : काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीने नळ वाकतो व सांधे निखळतात. अशा जमिनीत नळाच्या खाली व भोवती वाळूचा थर द्यावा. चराच्या तळाशी दगड राहू देऊ नये. वरून भरलेली गाडी गेल्यास सर्व भार त्या एकाच ठिकाणी येतो. प्लॅस्टिकचे नळ उन्हात उघडे राहिल्यास ठिसूळ बनतात, तर लोखंडी नळ ओलसर खारवट जमिनीत गंजतात.

पाण्याचा आघात : लांब लोखंडी नळातून सेकंदास १ मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडविल्यास सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब निर्माण होतो. १५ मीटर उंच टाकीच्या दाबाच्या हा सहा पटींहून अधिक आहे. यास्तव व्हॉल्व्ह नेहमी सावकाश फिरवावा. नळमार्गाच्या उंचवट्यावर हवा कोंडते. तेथे हवेचा व्हॉल्व्ह असावा व तो चालू स्थितीत ठेवावा.

लहान गळती, मोठा धोका : पाणी बंद केल्यावर नळातील दाब उतरतो. त्या वेळी गळक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरू शकते व पटकी, विषमज्वर, कावीळ यांसारखे रोग घरोघर पोहोचतात. म्हणून थेंबथेंब गळतीकडेही दुर्लक्ष करू नये. दुरुस्तीनंतर नळ धुऊन काढावा, टी.सी.एल. पावडरने निर्जंतुक करावा आणि शेवटच्या घरच्या नळाला प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो की नाही, हे तपासावे.

ग्रामपंचायतीने प्रत्येक फुटीची तारीख, जागा, जमिनीचा प्रकार व आढळलेले कारण यांची नोंदवही ठेवावी. एकाच जागेची नोंद दुसऱ्यांदा झाल्यास केवळ तुकडा न बदलता तेथील चर पूर्ण उघडून पाहावा.