विनामूल्य ध्वनी आणि परवान्याच्या अटी

दिल्लीलगतच्या गुडगाव (आता गुरुग्राम) येथे नोव्हेंबर २००९ मध्ये ‘गुडगाँव की आवाज’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालविण्याची मुभा दिली होती. मर्यादित निधीवर चालणाऱ्या अशा केंद्रांना नभोनाट्य किंवा आरोग्यविषयक रूपक तयार करताना पावसाचा, रेल्वेगाडीचा, दाराच्या कडीचा आवाज लागतो. महाजालावर असे ध्वनी विनामूल्य मिळतात. मात्र ‘विनामूल्य’ आणि ‘विनाअट’ या भिन्न बाबी आहेत. हा फरक न ओळखल्यास पैसे वाचविण्याच्या प्रयत्नात कायद्याचे उल्लंघन घडू शकते.

कायद्याची चौकट

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील ध्वनिमुद्रणाची व्याख्या संगीतापुरती मर्यादित नाही. माध्यम कोणतेही असो, ज्यातून ध्वनी पुन्हा निर्माण करता येतो असे मुद्रण तीत येते. त्यामुळे ढगांच्या गडगडाटाच्या चार सेकंदांच्या मुद्रणासही कलम १३ चे संरक्षण मिळते. हा हक्क मुद्रणावर असतो, गडगडाटावर नव्हे. तोच ध्वनी दुसऱ्याने स्वतंत्रपणे मुद्रित केल्यास उल्लंघन होत नाही.

हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेले मुद्रण १ जानेवारी २०२१ पासून या हक्कातून मुक्त झाले. तथापि, त्यातील गीत व संगीत यांवरील हक्क स्वतंत्र असतात आणि ते त्यानंतरही शिल्लक राहू शकतात.

अल्प वापराचा प्रश्न

‘काही सेकंद वापरले तर चालते’ हा समज सर्वत्र आढळतो. कायद्यात मात्र सेकंदांची अशी कोणतीही मर्यादा नाही. इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१२ मध्ये क्षुल्लक उल्लंघनाकडे दुर्लक्ष करण्याचे ‘डी मिनिमिस’ तत्त्व लागू केले. हानीचे स्वरूप व प्रमाण, न्यायनिर्णयाचा खर्च, कायदेशीर बंधनाचा उद्देश, त्रयस्थांच्या हक्कांवरील परिणाम आणि उल्लंघन करणाऱ्याचा हेतू हे पाच घटक त्यासाठी विचारात घेण्यात आले. तेथे प्रश्न गीतांतील काही शब्दांचा व ओळींचा होता. चार सेकंदांचा ध्वनी मात्र बहुधा संपूर्णच वापरला जातो. म्हणून या तत्त्वावर विसंबण्यापेक्षा परवाना वाचणे श्रेयस्कर होय.

परवान्यांचे प्रकार

२००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. बार्सिलोनातील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रीसाउंड’ या संग्रहात पुढील तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात :

१) सीसी झीरो : निर्मात्याने सर्व हक्क सोडलेले असतात. भारतीय कायद्यातही कलम २१ नुसार हक्क सोडता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यासाठी जाहीर सूचनेचा मार्ग खुला केला.

२) श्रेयनिर्देश : निर्मात्याचे नाव व परवाना नमूद करून व्यावसायिक वापरही करता येतो.

३) श्रेयनिर्देश-अव्यावसायिक : प्रामुख्याने आर्थिक लाभासाठी वापर करता येत नाही.

यांखेरीज ‘समान वाटप’ ही अट असते. ध्वनीवरून तयार केलेली नवी कृती त्याच प्रकारच्या परवान्याखाली द्यावी लागते. एनसीईआरटीच्या ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेल्या मुक्त शैक्षणिक साधनभांडारासाठी अशा परवान्याचा स्वीकार करण्यात आला होता. बीबीसीने २०१८ मध्ये सुमारे १६,००० ध्वनी खुले केले, पण वैयक्तिक, शैक्षणिक व संशोधनविषयक वापरापुरतेच.

तिसऱ्या प्रकारात सामुदायिक रेडिओची खरी अडचण आहे. २००६ च्या धोरणाने या केंद्रांना तासाला पाच मिनिटे जाहिरातींची परवानगी दिली. २०२४ मध्ये ही मर्यादा बारा मिनिटे झाली. संस्था ना-नफा असली तरी प्रायोजित कार्यक्रमातील वापर अव्यावसायिक ठरेल काय? परवाना संस्थेचे स्वरूप पाहत नाही, वापराचा उद्देश पाहतो. म्हणून अशा कार्यक्रमासाठी पहिल्या दोन प्रकारांतील ध्वनी निवडणे सुरक्षित ठरते.

आर्थिक अर्थ

ध्वनीची फीत ही अप्रतिस्पर्धी वस्तू आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि प्रत काढण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. खर्च असतो तो मालक शोधण्याचा व संमती मिळविण्याचा. प्रमाणित परवाना हा व्यवहारखर्च कमी करतो. मात्र आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ध्वनी चढविणाऱ्याकडेच हक्क नसेल, तर त्याच्या परवान्याने वापरकर्त्यालाही हक्क मिळत नाही.

म्हणून ध्वनीचे नाव, निर्माता, परवान्याचा प्रकार व प्राप्तीची तारीख यांची नोंद ठेवणे इष्ट आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिल्यावर, अटी पाळणाऱ्याकडून मागे घेता येत नाही. वाद उद्भवल्यास ही नोंदच पुरावा म्हणून उपयोगी पडते.