आषाढातला गोवा आणि दहीभात

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २०

या अध्यायात वर्षाऋतूचं लांबलचक वर्णन आहे. व्यापारी, मुनी, राजे सगळे पावसाने अडकलेले. शरद आल्यावरच ते बाहेर पडतात. कृष्ण मात्र पाऊस कोसळत असताना झाडाच्या ढोलीत नाहीतर गुहेत शिरतो, कंदमुळं खातो आणि पाण्याकाठच्या खडकावर बलराम-गोपांसोबत मस्त दहीभात जेवतो!

मला मोठी सुट्टी जुलैतच मिळते. गोवा म्हटलं की मित्र हसतात, "ऑफ-सीझनला?" खरंय. किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले, ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, समुद्र खवळलेला (लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही हं). डिसेंबरवाल्यांचा थोडा हेवा वाटायचा.

पण माशेलच्या देवकीकृष्ण मंदिराजवळ आषाढ शुद्ध द्वादशीला चिखलकालो असतो. एकादशीपासून भजन चालतं, मग माणसं अंगाला तेल लावून चिखलात उतरतात आणि कृष्णाचे खेळ खेळतात. त्याला पाऊसच लागतो. डिसेंबरात गेलात तर देऊळ दिसेल, हे नाही.

यंदा त्याच दिवसांत रजा टाकलीये. सोबत जुने कपडे आणि डब्यात दहीभात.