चित्रांची यादी : नांव आणि क्रमांक

मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवितांच एकामागून एक चित्रें येतात. तीं ठरलेल्या क्रमानेंच कशीं येतात, हें विद्यार्थ्यांस समजावें म्हणून आम्ही हा लहानसा पाठ देत आहों.

उदाहरण आपल्या गुहागरचेंच घेऊं. समजा, पाहुण्यांस आपला तालुका दाखविणारें एक ॲप अँड्रॉइड फोनाकरितां करावयाचें आहे. त्यांत पांच चित्रें आहेत : व्याडेश्वराचें मंदिर, गुहागरचा समुद्रकिनारा, अंजनवेलचा गोपाळगड, वेळणेश्वर आणि हेदवीचा दशभुज गणेश. हीं चित्रें ‘ड्रॉएबल’ नांवाच्या फोल्डरांत ठेवितात. फाइलींच्या नांवांत रोमन लिपींतील लहान अक्षरें, अंक व अधोरेखा एवढेंच चालतें. ॲप बांधलें जात असतां प्रत्येक चित्रास एक क्रमांक मिळतो. हे क्रमांक ज्या यादींत ओळीनें मांडतात, तिला ‘ॲरे’ म्हणतात.

येथें चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली : मोजणी शून्यापासून होते. पांच चित्रांचीं स्थानें ० ते ४ होत. ५ वें स्थान मागितल्यास ॲप बंद पडतें.

दुसरी : यादी एक्सएमएल फाइलींत लिहिली असल्यास ती ‘टाइप्ड ॲरे’ म्हणून उघडावी व काम होतांच मोकळी करावी. साध्या पूर्णांकांची यादी म्हणून वाचल्यास क्रमांकांऐवजीं शून्यें हातीं येतात.

तिसरी : नांवांची यादी निराळी व चित्रांची निराळी ठेवूं नये. चित्रांच्या यादींत मध्येंच एक नवें चित्र घातलें आणि नांव घालावयाचें राहिलें, कीं पुढचीं सारीं चित्रें एक घर सरकतात. वेळणेश्वराच्या नांवाखालीं गोपाळगडाचा तट दिसूं लागतो. यंत्रास त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. फसतो तो परगांवचा पाहुणा. म्हणून प्रत्येक स्थळाचें नांव व चित्र एकाच नोंदींत बांधून ठेवावें.

चौथी : चित्राचा क्रमांक कायमचा साठवून ठेवूं नये. ॲप पुन्हां बांधलें म्हणजे तो बदलूं शकतो. हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षीं बदलतो, परंतु मुलाचें नांव तेंच राहतें, तसेंच येथेंही. साठवावयाचें तें नांव.

पालकांसही एक विनंती. मुलांनीं असें ॲप केल्यास तें एकवार स्वतः चालवून पाहावें. प्रोग्राम बिनचूक चालला म्हणजे माहिती खरी ठरली असें नव्हे. तें सांगण्यास गांव ओळखणारा डोळाच लागतो.