रात्रपाळी आणि निद्रानियोजन : संगणकीय आराखडा

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते. तेथे २४ तासांत १६ सूर्योदय होतात. म्हणून अंतराळवीरांची निद्रा घड्याळ व कृत्रिम प्रकाशाच्या आधारे आखावी लागते. परळच्या रुग्णालयांतील रात्रपाळीच्या परिचारिकांचा प्रश्न याच जातीचा आहे.

त्यांच्यासाठी आज्ञावली रचताना पाळीची वेळ, नेहमीची निद्रावेळ, प्रकृती व ऋतू यांची नोंद घ्यावी. वाग्भटांचा नियम (अष्टांगहृदय, सूत्रस्थान, अध्याय ७) गणितास सोयीचा आहे : असात्म्य जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, अन्न न घेता झोपावे. म्हणजे सहा तासांच्या जागरणास तीन तास. मात्र पाळी आठवडाभर चालल्यास निद्रेची तूट साचत जाते; तेथे हे अर्धे प्रमाण पुरेसे मानू नये. अशा रुग्णास औषध देण्यापूर्वी झोपेचे वेळापत्रक अवश्य विचारावे.