दवाखान्यातील छायाचित्रण : फ्लॅश कोणता घ्यावा?



काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. खानवेलकडील डोंगराळ भागातून आलेल्या एका शेतमजुराच्या पाठीवर फिकट, बधिर चट्टा होता. निदानाविषयी शंका नव्हती. एमडीटी सुरू करण्यापूर्वी मी चट्ट्याचे छायाचित्र घेतले आणि सहा महिन्यांचा औषधक्रम पूर्ण झाल्यावर दुसरे घेतले. दुसऱ्या छायाचित्रात चट्टा जवळजवळ नाहीसा झालेला दिसत होता. समाधानाने मान वर केली, तर समोर बसलेल्या रुग्णाच्या पाठीवर तो होता तसाच होता! चट्टा गेला नव्हता. माझ्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने तो पुसून टाकला होता. पहिले छायाचित्र खिडकीच्या उजेडात घेतले होते, दुसरे संध्याकाळी फ्लॅशच्या झोतात.

उपचार संपल्यावरही चट्ट्याचा फिकटपणा पुष्कळदा मागे राहतो, हे आपण जाणतो. रोगनिदान त्वचेच्या संवेदनेवरून आणि मज्जातंतूंच्या तपासणीवरून करायचे असते, छायाचित्रावरून नव्हे. तथापि पुढे चट्टा वाढला की तेवढाच राहिला, हे ठरविताना जुने छायाचित्रच साक्षीला असते, आणि माझा साक्षीदार खोटे बोलत होता. आपल्या भागात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कुष्ठरोग्यांच्या संपर्कातील निरोगी व्यक्तींना रिफाम्पिसिनचा एकच डोस देऊन रोगाला आळा घालण्याचा जो बहुराष्ट्रीय प्रकल्प २०१५ च्या सुमारास हाती घेण्यात आला, त्यासाठी भारतातून आपल्या दादरा-नगरहवेलीची निवड झाली होती. जेथे चट्टे पाहणे हे रोजचे काम आहे, तेथे ते खरे दिसतील असा प्रकाश निवडणे हेही वैद्याचेच काम होय.

त्या प्रसंगानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचे सार प्रस्तुत लेखात मांडत आहे.

कॅमेऱ्यातील फ्लॅश का नको?

कॅमेऱ्यातच बसविलेला फ्लॅश लहान असतो आणि भिंगाच्या अगदी लगत असतो. त्याचा झोत समोरून सरळ पडतो. त्यामुळे त्वचेवरील उंचवटे सपाट दिसतात, घाम वा तेलकटपणा असेल तेथे पांढरे डाग चमकतात आणि फिकट चट्टा भोवतालच्या त्वचेत मिसळून जातो. फार जवळ गेल्यास भिंगाच्या नळीची सावलीही चित्रात उतरते. व्यक्तिचित्रात याच झोतामुळे कपाळ व नाक चकाकते आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते.

दुसरा दोष स्वयंचलित मोजणीचा. टीटीएल पद्धतीत कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम छटेचे आहे असे गृहीत धरून फ्लॅशची मात्रा ठरवितो. सावळी त्वचा चौकटभर असेल तर तो मात्रा वाढवितो आणि त्वचा उजळ दिसते. पांढरी चादर चौकटीत आली तर मात्रा घटवितो आणि तीच त्वचा काळवंडते. समारंभात ही सोय उत्तम; पण तुलनेसाठी घेतलेल्या दोन छायाचित्रांत ती घातकच. म्हणून फ्लॅश घेताना पहिली अट ही, की त्याची मात्रा हाताने ठरविता आली पाहिजे, आणि पूर्ण शक्तीपासून १/६४ वा १/१२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने खाली आणता आली पाहिजे.

शक्ती किती हवी?

फ्लॅशची शक्ती ‘गाइड नंबर’ या आकड्याने सांगतात. हा आकडा म्हणजे अंतर (मीटरमध्ये) गुणिले अ‍ॅपर्चरचा आकडा. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ असेल, तर एफ/८ ला साडेचार मीटरपर्यंत पूर्ण प्रकाश मिळतो. खरेदी करताना एक सावधगिरी बाळगावी. खोक्यावर ठळक छापलेला ६० सारखा आकडा बहुधा फ्लॅशचे डोके लांब पल्ल्याच्या झूमवर असतानाचा असतो. तोच फ्लॅश ३५ मिलीमीटर झूमला ३६ च्या आसपास भरतो. तुलना करायची ती एकाच झूमवरची.

आता आपले काम पाहू. त्वचेपासून ५० सेंटीमीटरवर फ्लॅश धरला आणि एफ/११ ठेवले, तर लागणारा गाइड नंबर केवळ साडेपाच. प्रकाश मृदू करणारी पेटी लावल्यास दोन स्टॉप खर्च होतात, म्हणजे तो अकरा होतो. ३६ चा फ्लॅश हे काम आपल्या शक्तीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात करतो. कमी शक्तीवर फ्लॅशचा लखलखाट क्षणाच्या फार लहान भागात संपतो, त्यामुळे हाताचा कंप चित्रात उतरत नाही आणि सेलही पुष्कळ टिकतात. प्रत्यक्ष आकाराइतके मोठे, म्हणजे एकास एक प्रमाणात मॅक्रो चित्र घ्यायचे असेल, तर भिंग लांबल्याने आणखी दोन स्टॉप लागतात. तेवढा साठा या फ्लॅशजवळ असतो. सारांश, जवळच्या कामासाठी अवाढव्य फ्लॅशची गरज नाही.

व्यक्तिचित्रासाठी मात्र शक्ती कामी येते. छतावर झोत मारून परतीचा प्रकाश चेहऱ्यावर घ्यायचा, तर वाट चार मीटरची होते आणि छत बराच प्रकाश गिळते. आयएसओ ४०० व एफ/५.६ ठेवल्यास ३६ चा फ्लॅश हेही काम निभावतो. छत पांढरे असावे. रंगीत असल्यास तोच रंग चेहऱ्यावर उतरतो.

प्रकाश मोठा, की फ्लॅश मोठा?

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. प्रकाश मृदू होतो तो फ्लॅशच्या शक्तीने नव्हे, तर विषयाच्या नजरेतून प्रकाशाचा स्रोत किती मोठा दिसतो त्यावर. ६० सेंटीमीटरची पांढरी छत्री चेहऱ्यापासून १२० सेंटीमीटरवर जितकी मृदू, तितकीच २० सेंटीमीटरची लहान पेटी त्वचेपासून ४० सेंटीमीटरवर मृदू. म्हणजे एकच फ्लॅश दोन्ही कामांना पुरतो. बदलायचे ते फक्त त्याच्या तोंडावरचे साधन आणि अंतर. मात्र यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला नेता आला पाहिजे. त्याकरिता जोडवायर किंवा रेडिओ ट्रिगर लागतो. फ्लॅशवर खर्च करायच्या पैशातून थोडे वाचवून ते या जोडणीवर आणि एका हलक्या स्टँडवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजूने, सुमारे ४५ अंशांतून आलेला प्रकाश गाठी, कडा व खवले उठावदार दाखवितो. व्यक्तिचित्रात तोच, थोडा उंचीवरून आलेला प्रकाश चेहऱ्याला घडण देतो आणि डोळ्यांत जिवंत ठिपका उमटवितो.

रिंग फ्लॅशचे स्थान

भिंगाभोवती कड्यासारखा बसणारा रिंग फ्लॅश आपल्याच क्षेत्राची देणगी आहे. लेस्टर डाइन यांनी १९५२ मध्ये तो दंतवैद्यकीय छायाचित्रणासाठी तयार केला. पुढे १९६२ मध्ये निकॉनने रिंग फ्लॅश अंगचाच असलेले २०० मिलीमीटरचे ‘मेडिकल-निक्कॉर’ भिंग काढले. तोंड, घसा यांसारख्या पोकळीत बाजूचा प्रकाश पोचत नाही. तेथे रिंग फ्लॅशला तोड नाही. परंतु जो गुण तोच दोष : सावली नसल्याने उंचवटे कळत नाहीत. दंतवैद्य आणि नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तो अवश्य घ्यावा. त्वचेसाठी व जखमांसाठी तो एकमेव फ्लॅश असू नये. भिंगाच्या दोन बाजूंना दोन लहान दिवे असलेला जोड-फ्लॅश हा मधला मार्ग होय. त्यात एका दिव्याची मात्रा कमी करून हवी तेवढी सावली ठेवता येते.

तुलनेचा नियम

अंतर बदलले की प्रकाश वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ५० सेंटीमीटरवरचा फ्लॅश नकळत ३५ वर आला, तर त्वचेवर दुप्पट प्रकाश पडतो आणि फिकट चट्टा दिसेनासा होतो. माझी चूक नेमकी या जातीची होती. त्यावर उपाय अगदी साधा आहे. फ्लॅशला ५० सेंटीमीटरची दोरी बांधावी, तिचे टोक त्वचेपर्यंत ताणून अंतर ठरवावे आणि मग ती सोडून द्यावी. शटर १/२००, आयएसओ १००, एफ/११ आणि फ्लॅशची मात्रा रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवावी. या मांडणीत खोलीतील ट्यूबलाइटचा हिरवट उजेड चित्रात जवळजवळ येतच नाही. रंग ठरतो तो एकट्या फ्लॅशवरून. व्हाइट बॅलन्स ‘फ्लॅश’वर पक्का ठेवावा आणि चौकटीच्या कडेला राखाडी कार्ड व मोजपट्टी असावी.

ओलसर वा तेलकट त्वचेची चकाकी अडचणीची ठरल्यास फ्लॅशवर ध्रुवीकरणाची फिल्म आणि भिंगावर काटकोनात फिरविलेला पोलरायझर लावावा. चकाकी जाते आणि रंगद्रव्यातील फरक स्पष्ट होतो. यात सुमारे तीन स्टॉप प्रकाश खर्च होतो. आपल्या ३६ च्या फ्लॅशचा राखीव साठा येथे उपयोगी पडतो.

आज आपल्यापैकी बहुतेक जण मोबाइलवरच छायाचित्र घेतात. त्याच्या एलईडी दिव्यात कॅमेऱ्यातील फ्लॅशचेच दोष आहेत आणि मोबाइल स्वतःच्या मर्जीने त्वचेचा रंग ‘सुधारतो’. मोबाइलच वापरायचा, तर त्याचा दिवा बंद ठेवून बाजूला उच्च रंगनिष्ठेचे एलईडी पॅनल ठराविक अंतरावर ठेवावे. दोरीचा नियम तेथेही लागू आहे.

खरेदीपूर्वी आणि नंतर

जुना फ्लॅश स्वस्तात मिळाला, तरी त्याचा ट्रिगर व्होल्टेज तपासल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. काही जुन्या फ्लॅशचा व्होल्टेज दोनशेच्याही वर असतो आणि कॅमेरा निकामी होऊ शकतो. आपल्याकडील पावसाळ्यात फ्लॅश व भिंगे घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावीत आणि सेल काढून ठेवावेत.

शेवटी संमतीविषयी. छायाचित्र कशासाठी घेत आहोत, कोण पाहणार आहे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत, वारलीत, कोकणीत वा गुजरातीत, समजावून मगच कॅमेरा उचलावा. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख लपते, हा समज चुकीचा आहे. कुष्ठरोग्याच्या बाबतीत तर गावात चेहरा ओळखला जाण्याची किंमत रोगापेक्षाही जड पडते.

त्या शेतमजुराचे तिसरे छायाचित्र मी दोरी लावून घेतले. त्यात चट्टा स्पष्ट दिसतो. पुढच्या वेळी तो आला, तेव्हा दोन चित्रे शेजारी ठेवून मला खात्रीने सांगता आले, “चट्टा वाढलेला नाही.” तेवढे खरेपणाने सांगता यावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप!