दोऱ्याची मुदत

पनवेल,
वैशाख वद्य ८.

चि. बाळास,

तुझे पत्र पोचले. सीतेची वेणी या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपे रोपवाटिकेतून आणून ती कुंडीत न कोंबता फांदीवर चढवण्याचा तुझा बेत पसंत पडला. आणि ती कशाने बांधावीत हा प्रश्न तू रोपे आणून झाल्यावर का होईना, पण बांधण्यापूर्वी विचारलास, हेही काही थोडे झाले नाही. लोक बहुधा घरात जे हाताशी सापडेल त्याने बांधून मोकळे होतात आणि श्रावणात रोप खाली पडले म्हणजे रोपवाटिकेला दोष देतात.

दोऱ्याकडे मी जामीन म्हणून पाहतो. रोपाची स्वतःची मुळे सालीला धरेपर्यंतच्या मुदतीपुरते त्याने उभे राहायचे आणि मुदत सरल्यावर बिनतक्रार बाजूला व्हायचे. मुदतीआधी पळून जाणारा जामीन जसा निरुपयोगी, तसा मुदत संपल्यावरही गळा न सोडणारा घातक. सबब दोऱ्याची निवड करताना त्याचा रंग, किंमत किंवा देखणेपणा हे प्रश्न गौण होत.

ही मुदत कशावरून ठरते ते कळायला आमरीचे मूळ भिंगाखाली धरून पाहा. कोरडे असताना ते रुपेरी दिसते, पाणी पडताच हिरवट होते. कारण त्याचे बाहेरचे वेष्टन मृत व पोकळ पेशींच्या थरांचे असून ते पाण्याने भरले की आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. टोकाला तुकतुकीत, कोवळा असा अगदी चिमुकला भाग असतो आणि लांबीची सारी वाढ तेथूनच होते. जुनी मुळे कितीही लांबलचक असली तरी एकदा उपटली गेली की नव्या सालीला पुन्हा धरत नाहीत. धरते ते नवे मूळ, आणि तेही वाढता वाढता ज्या पृष्ठाला टेकते त्या बाजूने. अशा वेळी रोप वाऱ्याने जरासे जरी डुलत राहिले, तरी तो कोवळा अग्रभाग सालीवर घासून काळा पडतो व महिन्याची वाढ एका दिवसात फुकट जाते. तेव्हा बांधून झाल्यावर फांदी उचलून हलवून पाहावी. फांदीबरोबर रोप हलले तर हरकत नाही, फांदीवर हलले तर सोडून पुन्हा बांधावे.

आमच्याकडे नवी मुळे मृगाच्या पावसाबरोबर जोमाने निघतात आणि हस्त सरेपर्यंत त्यांची पकड बसते. वर खबरदारी म्हणून पुढच्या मृगापर्यंतची मुदत धरावी. या मापाने पाहिले तर शिवणाचा सुती दोरा आमच्या पनवेलच्या पावसात मघा उजाडेपर्यंत कुजून बोटाने तुटतो, आणि वाण्याच्या पुड्याची सुतळी त्याहून फार काळ तग धरीत नाही. तुमच्या पुण्याकडे पाऊस कमी, तेथे सुती दोरा अधिक टिकेल. परंतु तू हाताने रोज पाणी घालणार असशील तर हा फरक तूच मिटवून टाकशील. काथ्याचा सुंभ मात्र या कामाला जणू नेमूनच दिलेला आहे. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घातली तरी जे तंतू शिल्लक राहतात त्यांचाच तो वळलेला असल्यामुळे एका पावसाळ्याची त्याला फिकीर नसते, आणि ऊन, पाऊस खात दोन-तीन वर्षांत तो आपोआप विरतो. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या काथ्यात क्षार राहतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून भिजवून, पिळून घ्यावा. मऊही होतो आणि सालीच्या खाचांत नीट बसतो. खारींना घरटी बांधायला काथ्या फार आवडतो, एवढा एकच त्याचा दोष मला आढळला आहे, आणि त्याचे निवारण माझ्याजवळ नाही.

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोर, दिसत नाही व कुजत नाही, म्हणून हौशी मंडळींचा तो लाडका असतो. त्याला माझा सरसकट विरोध नाही, पण बारीक तंगूस ताणून बांधला तर मुळात रुततो, आणि खोड जाड होऊ लागले की तो कापत जातो. वापरायचाच तर जाड घ्यावा, खाली काथ्याची चिमूट ठेवावी आणि पुढच्या मृगात आठवणीने कापून टाकावा. नायलॉनच्या जुन्या मोज्याच्या रुंद पट्ट्या त्यापेक्षा कितीतरी दयाळू, ओढल्या की लांबतात व रुतत नाहीत. दिसायला मात्र ओंगळ. चिकटवण्याच्या गोंदांविषयी बोलण्यात अर्थ नाही.

तारेबद्दल मात्र मी तुला निक्षून सांगतो. तांब्याची उघडी तार रोपाला लावू नकोस. आमचे बागाईतदार सुपारीवरच्या कोळेरोगासाठी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात ते तांबे बुरशीला मारक आहे म्हणूनच. तेच तांबे ओल्या तारेवरून झिरपून कोवळ्या मुळाग्रावर पडले तर तेही जळते. जस्त चढवलेल्या तारेचीही तीच कथा, शिवाय जस्त झिजले की ती गंजते.

तू बाशिंग या नेच्याचीही चौकशी केली आहेस. त्याच्या जाड, केसाळ आडव्या खोडावर बारीक दोरा मुळीच नको. रुंद पट्टी घ्यावी आणि वाढता शेंडा मोकळा ठेवावा. त्याची तपकिरी, सुकल्यासारखी दिसणारी पाने पुढे बंधन झाकून टाकतात व मग ते कापायला सापडत नाही, म्हणून येथे विरून जाणारा काथ्याच बरा.

सीतेची वेणी बांधताना दोरा खालच्या खोडावरून व जुन्या मुळांच्या मधून न्यावा, नव्या मुळाच्या टोकावरून कधीही नाही. शेंडा किंचित बाहेर कलता ठेवावा म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही. गाठ फांदीच्या मागे, आणि तीही सुरगाठ, म्हणजे सैल पडल्यास आवळता येते. शेवाळाची गादी पावसाळ्यात मुळे कुजवते, ती वगळ. फांदी ऐनाची किंवा जुन्या आंब्याची, भेगाळ सालीची असावी; पेरूची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर तुझी मेहनतही.

फादर सान्तापाऊ व कपाडिया यांचा मुंबईकडील ऑर्किडांवरचा १९६६ सालचा ग्रंथ एखाद्या ग्रंथालयात मिळाला तर चाळून पाहा. कोणती जात केव्हा फुलते हे ठाऊक असले म्हणजे बांधणीचा हंगाम चुकत नाही. आणि सुट्टीत इकडे आलास म्हणजे कर्नाळ्याला जाऊ, परंतु रिकाम्या हातांनी परत येण्याच्या तयारीने. ते १९६८ पासून अभयारण्य आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथले पानही आणता येत नाही, वादळाने पडलेल्या फांदीवरची आमरीसुद्धा नाही. गावातली पुष्कळ माणसे या झाडांना बांडगूळ समजून ओरबाडून काढतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते, आमरी सालीवर केवळ राहते, एवढा खुलासा वाटेत कोणी भेटल्यास तू अवश्य कर.

सुंभ मी येथल्या बाजारातून घेऊन, धुऊन, वाळवून तुझ्याकडे पाठवतो. तो पोचेपर्यंत रोपे सावलीत टांगून ठेव आणि सकाळी एकदाच पाणी शिंपड. ताईस नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा