दवंडी वेशीपाशीच थांबली

आपल्या मंडळाच्या अंकात कथा-कविता भरपूर येतात, "सायन्सवाल्यांनी एखादा उपयोगाचा लेख द्या की" असं बाई दोन वर्षं सांगतायत. म्हणून हा लेख. विषय ऐकायला रुक्ष आहे: घरातलं गाणी वाजवणारं यंत्र नेटवर्कवर सापडतच नसेल तर शोधायचं कसं. पण यात माझी दिवाळीची अख्खी सुट्टी गेली, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

आमचं बेळगावचं घर जुनं आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू असं एकामागे एक, आणि मधल्या भिंती हातभर जाड. सोप्यालगतच्या खोलीत आबा असतात. काचबिंदूनं त्यांची नजर गेलीय. आजी भजनी मंडळात गायची, तिच्या चौदा कॅसेट्स घरात होत्या. आबा त्या बोटांनी चाचपून लावायचे. गेल्या पावसाळ्यात टेपनं एका कॅसेटची फीत ओढून घेतली आणि चुरगळून टाकली. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग उरलेल्या तेरा कॅसेट्स मी आणि बाबांनी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही.

काकांनी दिवाळीला आबांसाठी स्ट्रीमर आणला. म्हणजे घरातल्या नेटवर्कवरून गाणं घेऊन स्पीकरला देणारा डबा. त्यावर सहा बटणं आहेत, प्रत्येकाला एकेक कॅसेट नेमून दिली की आबांना कुणाला हाक मारायला नको. पण बटणांना गाणी नेमायची ती मोबाइलच्या ॲपमधून, आणि ॲप म्हणे, "एकही यंत्र सापडलं नाही."

इथे आपण सगळे जी चूक करतो ती काकांनी केली. डब्याचं रिसेट बटण दाबलं, एकदा नाही, तीनदा. मित्रहो, रिसेट हा शेवटचा उपाय. त्यानं सगळी मांडणी पुसली जाते आणि मूळ दोष कुठे होता याची खूणही त्याबरोबर जाते. आधी नुसतं बघायचं. केबलच्या खाचेजवळचा दिवा लागलाय का? आमचा लागला होता. मग सगळं बंद करून आधी इंटरनेटचा डबा चालू केला, दोनेक मिनिटं थांबलो आणि मग स्ट्रीमर चालू केला. हा क्रम असाच ठेवायचा, कारण घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो तो राऊटर. देणाराच जागा नसेल तर घेणाऱ्याला काय मिळणार!

त्यानंही काही झालं नाही. पण एक गंमत दिसली. सोप्यात उभं राहिलं की मोबाइलवर स्ट्रीमर दिसे, पण गाण्यांची यादी रिकामी. माजघरात आलं की यादी भरलेली, आणि स्ट्रीमर गायब. सगळ्यांनी एकमुखानं भिंतींना दोष दिला. मलाही पटलं होतं. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला, स्ट्रीमर तर केबलनं जोडलाय, त्याला भिंत कशी आडवी येईल? आणि माजघरात मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतात.

आता थोडं मुळातलं. अशा मांडणीत तीन पात्रं असतात. गाणी साठवणारा एक (आमच्याकडे माजघरातला कॉम्प्युटर), वाजवणारा एक (स्ट्रीमर) आणि हुकूम देणारा एक (मोबाइल). हे तिघं एकमेकांना आधीपासून ओळखत नाहीत. मोबाइल नेटवर्कवर ओरडतो, "वाजवणारं कुणी आहे का? गाणी कुणाकडे आहेत?" हे ओरडणं एका ठरावीक सामाईक पत्त्यावर होतं. यूपीएनपी नावाच्या पद्धतीत तो २३९.२५५.२५५.२५० हा असतो, एअरप्ले किंवा क्रोमकास्टसाठी २२४.०.०.२५१. याला मल्टिकास्ट म्हणतात. मी त्याला दवंडी म्हणतो. पत्र पाठवायचं तर पत्ता लागतो, दवंडीला लागत नाही, ज्याला ऐकू येईल तो ओ देतो. पण दवंडीवाला गावाची वेस ओलांडत नाही. नेटवर्कची वेस म्हणजे राऊटर. तो पत्रं पलीकडे पोचवतो, दवंडी मात्र आपणहून पुढे जाऊ देत नाही. आणि त्याचं चुकत नाही, नाहीतर साऱ्या गल्लीच्या दवंड्या आपल्या घरात ऐकू आल्या असत्या.

म्हणजे प्रश्न असा झाला: आमच्या एका घरात दोन गावं आहेत काय? हे कळायला पत्ते वाचायचे. मोबाइलच्या वायफायच्या तपशिलात, कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या पानावर आणि स्ट्रीमरच्या छोट्या पडद्यावर ते असतात. पडदा नसेल तर राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते, यंत्राच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरचा मॅक पत्ता त्या यादीशी ताडून बघायचा. मला मिळालं ते असं: स्ट्रीमर १९२.१६८.१.३७, कॉम्प्युटर १९२.१६८.०.१०२, माजघरात मोबाइल १९२.१६८.०.१०४. घरगुती नेटवर्कात साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असले तर गाव एक. आमचा तिसरा आकडा वेगळा. (एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर त्याला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग केबल, खाच, वायफायचा पासवर्ड यांकडे वळायचं.)

कारणही सापडलं. सोप्यात इंटरनेटवाल्यांचा डबा, तो स्वतःच एक राऊटर. दोन वर्षांपूर्वी माजघरात वायफाय पोचेना म्हणून मीच जुना राऊटर तिथे लावला होता आणि सोप्यातून आलेली केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या, इंटरनेटसाठीच्या खाचेत घातली होती. त्यामुळे तो स्वतंत्र वेस होऊन बसला. वर शहाणपणा म्हणून दोन्ही वायफायना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला होता! मोबाइल कुठल्या गावात आहे हे त्यामुळे कुणालाच कळत नव्हतं. भिंतींवर उगाच आळ आला.

बाबांना हे पटेना. कॉम्प्युटरवरून पिंग करून म्हणाले, "अरे, स्ट्रीमर उत्तर देतोय की." ब्राउझरमध्ये पत्ता घातल्यावर स्ट्रीमरचं पानही उघडलं. इथेच पुष्कळजण फसतात. माजघरातून सोप्याकडे पत्र जातं आणि त्याचं उत्तरही येतं. पण सोप्यातून आपणहून निघालेलं पत्र माजघरात शिरू शकत नाही, आणि दवंडी तर दोन्हीकडून अडते. म्हणून पिंग लागलं याचा अर्थ एवढाच, की यंत्र जिवंत आहे. ते ॲपला सापडेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

उपाय म्हणजे दुसऱ्या राऊटरचं राऊटरपण काढून घ्यायचं. नव्या राऊटरांत 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असतो, तो निवडला की झालं. आमच्या जुन्यात नव्हता. हातानं करायचं तर तीन गोष्टी: त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या गावातला आणि रिकामा असा द्यायचा (सोप्यातला डबा २० ते २०० वाटत होता, म्हणून मी १९२.१६८.१.५ घेतला), त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, आणि केबल इंटरनेटच्या खाचेतून काढून साध्या लॅनच्या खाचेत घालायची. मी घाईत आधी डीएचसीपी बंद केलं. राऊटर पुन्हा सुरू झाला, कॉम्प्युटरला पत्ता मिळेना, राऊटरचं पान उघडेना. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात इंटरनेट नाही, आणि सगळे माझ्याकडे बघतायत! शेवटी कॉम्प्युटरला हातानं १९२.१६८.०.५० हा पत्ता देऊन आत शिरलो, उरलेलं काम केलं, आणि कॉम्प्युटर पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवला. तुम्ही आधी पत्ता बदला, डीएचसीपी नंतर.

आता स्ट्रीमर सगळीकडून दिसू लागला. पण यादी रिकामी, आता तर माजघरातही. पुन्हा पत्ते पाहिले, सगळे एकाच गावातले. मग दोष गावात नाही, कुणाच्या तरी दारात. विंडोजला हे नेटवर्क नवीन वाटलं होतं आणि त्यानं त्याला 'पब्लिक' ठरवून दार लावून घेतलं होतं. त्या गटात कॉम्प्युटर आलेल्या दवंडीला ओ देत नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' केल्यावर तेराही कॅसेट्स हजर. फायरवॉल मात्र सरसकट बंद करून ठेवू नका, हे मी आमच्या हॉस्टेलवाल्यांना मुद्दाम सांगतोय.

ताईच्या आयफोनवर तरीही काही दिसेना. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला स्थानिक नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते, ती तिनं घाईत नाकारली होती. मोबाइलवर व्हीपीएन चालू असेल किंवा तो पाहुण्यांच्या वायफायवर असेल तरी हेच होतं. पाहुण्यांचं वायफाय मुद्दाम यंत्रांना एकमेकांपासून दूर ठेवतं. यंत्र आधी दिसतं आणि काही मिनिटांनी नाहीसं होतं, असं असेल तर राऊटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग बंद करून बघावं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

पाडव्याच्या सकाळी सहाही बटणांना कॅसेट्स नेमल्या. आबांचं बोट धरून एकेक बटण दाखवलं. त्यांनी तिसरं दाबलं. आधी फितीची खरखर, मग कुकरची शिट्टी, आणि मग आजीचा आवाज, कुणावर तरी ओरडणारा, "तो पंखा बंद कर आधी!" मग टाळ सुरू झाले.

आबा बराच वेळ बोटं बटणावरच ठेवून बसले. मग म्हणाले, "आवाज वाढवायचं कुठलं रे ह्यातलं?"